धरणी हलली की घरात पळणारा

माझा काका चिमण धरणी हलली की घरात पळायचा. सगळा पाडा बाहेर धावत सुटलेला असायचा आणि हा एकटा उलटा, आत.

२०१८ च्या दिवाळीनंतर आमच्या डहाणू-तलासरीकडची जमीन हलायला लागली. आधी खालून धुडुम असा आवाज यायचा, मग भांडी वाजायची, मग कौलं सरकायची. लोक पोरांना काखोटीला मारून अंगणात यायचे. सरकारनं तंबू दिले, शाळा झाडाखाली भरायला लागली, आमच्या वेवजीपासून झरीपर्यंत पाडेच्या पाडे उघड्यावर झोपायला लागले. आणि माझा काका काय करायचा? आवाज झाला की हातातला घास टाकून घरात. मागच्या कोपऱ्यात त्यानं भंगाराचा ढीग रचला होता, त्याला पाठ लावून आणि पाय रोवून बसायचा. धक्का गेला की बाहेर येऊन विडी मागायचा.

पाडा पोट धरून हसायचा. "चिमण, तुझं भंगार पळून नाय जाणार रे," असं कुणीतरी म्हणायचं, आणि तोही हसायचा. मला मात्र हसू येत नव्हतं. मी निलम, त्याच्या थोरल्या भावाची मुलगी. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकले, तलासरी नाक्यावर ब्लाऊज शिवते, आणि माझ्या जिभेला हाड नाही असं माझी सासू सांगत फिरते. मी काकाला तोंडावर सांगितलं होतं, की असंच एक दिवस भंगाराखाली मरशील आणि काकीला आमच्या गळ्यात बांधून जाशील. त्यावर तो म्हणाला, "तू ब्लाऊज शिव."

काका दिसायला असा की चार माणसांत लक्षातही येऊ नये. एक खांदा वर, एक खाली, डोक्याला कायम एक मळका रुमाल. हंगामात घोलवडला चिकूच्या वाडीत जायचा, हंगाम संपला की उंबरगावला बांधकामावर, लावणीला घरी. सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं त्याला कुणी पाहिलं नाही, कारण सायकल कायम लादलेली. हायवेच्या कडेला जे पडेल ते हा उचलून आणायचा. उलटलेल्या ट्रकची ताडपत्री, फुटके टायर, कंपनीतलं निळं पिंप, चिकूच्या मोडक्या पेट्या, हेल्मेटं, प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय. विकायचा म्हणाल तर तेही नाही. भंगारवाला दारात आला की त्याच्यावर कुत्रं सोडायचा.

नवल म्हणजे २०१४ पर्यंत हे पाड्यातलं सगळ्यात मोकळं घर होतं. रखमीकाकीचा हात असा, की तिनं सारवलेल्या जमिनीवर पाय ठेवायला आम्हाला संकोच वाटायचा. दोन चुली, चार मडकी, भाताची कणगी, बस्स. मूलबाळ नव्हतं. सगळा हौसेचा संसार त्या सारवणात होता. मग त्या वर्षी ते धोंडीबायचं झालं आणि त्यानंतर काकानं घर भरायला घेतलं.

ते सांगायलाच हवं. धोंडी काकीची शेजारीण आणि मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वेवजीला आल्या, एकीच्या चुलीवर कालवण झालं की दुसरीकडे वाटी जायचीच. २०१४ ला भातकापणीच्या तोंडावर धोंडी पहाटे बांधावरून जात होती. वाटेत पिठाचा गोळा पडलेला दिसला. आमच्यात अन्नावर पाय पडू देत नाहीत. कुणाच्या फडक्यातून पडला असेल, तुडवला जाईल, म्हणून ती तो उचलून बाजूला ठेवायला वाकली. तो बार होता. रानडुकरं भात लोळवून टाकतात म्हणून पूर्वी काही लोक पिठात गुंडाळलेला असा हातगोळा ठेवायचे, डुकरानं चावला की फुटायचा. कायद्यानं गुन्हा आहे, आणि ठेवणाऱ्यानं घरोघर सांगायचं आणि उजाडायच्या आत उचलायचा, हा पाड्याचा नियम. त्या रात्री कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.

धोंडीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. काकी सगळ्यांत आधी पोचली, अंगावरचं लुगडं फाडून तिनं तो हात आवळून बांधला, तिला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर बाई हाती लागली नसती. तेव्हापासून धोंडी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, मी जगले ती रखमीमुळे.

पोलिसांनी अज्ञात इसमावर गुन्हा नोंदवला. पाड्याला मात्र अज्ञात काही वाटत नव्हतं. काका तरुणपणी डोंगराकडच्या शिकाऱ्यांबरोबर फिरायचा, बार बाळगायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बांधही त्याचाच. तो तेव्हा उंबरगावला कामावर होता, पण लोक म्हणाले, जाता जाता ठेवून गेला असेल. काका आला तो सरळ वाघदेवाच्या दगडाकडे गेला. सगळ्यांदेखत त्यावर हात ठेवून म्हणाला, "धोंडीच्या हातातला बार मी ठेवला असंल तर वाघदेवानं मना खावां." धोंडी पुढे आली. हात फडक्यात होता. ती म्हणाली, "माझी शंका गेली." विषय मिटला. निदान तोंडावर तरी मिटला.

काका गेला जानेवारीच्या अखेरीस. पहाटेचा धक्का बसला, हा आत गेला आणि बाहेर आलाच नाही. रूपेश, माझा भाऊ, आत गेला तर काका ढिगाला पाठ लावून तसाच बसलेला. छातीत कळ आली असणार. मी त्याच्यावर इतकी चिडले होते की दोन दिवस मला रडूच आलं नाही, आणि मग आलं तेव्हा शिलाई मशीनवर आलं, गिऱ्हाइकासमोर.

दिवसपाणी झालं आणि रूपेशनं घर मोकळं करायचं काढलं. त्याचं बरोबर होतं. ढिगाचा भार पडून मागच्या भिंतीला पोट आलं होतं, विटांमधली माती गळत होती, आणि भिंतीपलीकडे त्याचीच पोरं खेळायची. फेब्रुवारीत मोठा धक्का बसला तेव्हा भिंतीत हात जाईल एवढी फट पडली. पुढच्या धक्क्याला भिंत कुणावर पडेल सांगता येत नव्हतं. काकी तंबूत राहायला आली होती, पण दर थोड्या वेळानं उठून घराकडे जायची, दाराची कडी बघायची, परत यायची.

"काकी, रविवारी टेम्पो बोलावलाय," रूपेश म्हणाला. "अर्ध्या दिवसात साफ करून टाकू. टेन्शन घेऊ नको."

"पावसाळ्यानंतर बघू," काकी म्हणाली.

"पावसाळ्यापर्यंत भिंत थांबणार आहे का?"

"मग पडू दे. घर माझां हाय."

काकी असं कधी बोलायची नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती रूपेशकडे बघतच नव्हती, तिची नजर धोंडीवर होती. धोंडी तंबूच्या तोंडाशी बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "मीपण येते रविवारी. चिमणचां घर हाय, हात लावायलाच हवा." काकीचा चेहरा पांढराफटक पडला. मला एकदम कळलं की त्या घरात काहीतरी आहे. बार आहेत. काकाची शपथ खोटी होती आणि काकीला ते माहीत आहे. धोंडीच्या डोळ्यांसमोर ते निघालं तर काका मेल्यावरही खोटा ठरणार होता, आणि काकीला या पाड्यात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

धोंडीला टाळायचा मी खूप प्रयत्न केला. तुझा हात असा, धूळ फार उडेल, रूपेश आणि मी पुरे आहोत. ती म्हणाली, "निलम, दोन बोटांनी मी भात कापते. तुझ्या काकाचे टायर उचलणार नाय का?"

रविवारी टेम्पो आला. रूपेशला मी बाजूला घेऊन सांगितलं की डबा, पेटी, गाठोडं, काहीही आपटायचं नाही, हळू उचलायचं आणि आधी मला दाखवायचं. तो म्हणाला, "का? काकानं सोनं पुरलंय?" मी म्हटलं, "जीव प्यारा असेल तर ऐक." तो एवढा घाबरला की पहिलं हेल्मेट त्यानं दोन्ही हातांनी, तान्ह्या पोराला घेतात तसं बाहेर आणलं. दुसरी वेळ असती तर मी हसले असते.

आम्ही दारापासून सुरुवात केली. खुर्च्यांचे पाय, पेट्या, ताडपत्र्या. ताडपत्रीच्या घडीत घड्या, प्रत्येक घडी मी बोटांच्या टोकांनी उघडत होते. तेलाचा डबा निघाला. झाकण गंजून बसलेलं. मी तो कानाशी नेला, मग स्वतःलाच शिवी दिली, कारण बार काही बोलत नाही. आत खिळे होते. दुसऱ्या डब्यात बाटल्यांची बुचं. तिसरा रूपेशच्या हातून निसटला आणि आम्ही दोघं जागच्या जागी गोठलो. त्यातून सुतळीचे गुंडे घरंगळले. धोंडी म्हणाली, "काय झालां तुम्हाला? भूत बघितलां का?" तिच्यापाशी काही बोलता येत नव्हतं, म्हणून मी उंदीर म्हणाले.

काकी उंबऱ्यात बसून होती. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला तिला ओलांडून जावं लागत होतं, पण ती हलायला तयार नव्हती. आम्ही जसजसे मागच्या कोपऱ्याकडे सरकलो तसतशी तिची बडबड वाढली. चहा घ्या. जेवून घ्या. आज पुरे, उद्या बघू. तो ढीग राहू दे, तो भिंतीला टेकू हाय, काढला तर भिंत पडंल. रूपेश म्हणाला, टेकू कसला, त्या ढिगानंच भिंत फुगलीय. काकी उठली आणि ढिगासमोर जाऊन हात पसरून उभी राहिली.

"याला हात लावायचा नाय," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं रचलाय."

धोंडीनं तिला दंडाला धरून प्रेमानं बाहेर आणलं. "रखमे, तो गेला. भंगार उराशी धरून तो परत येणार हाय का? चल, वाऱ्याला बस." काकी तिच्यामागे गेली. धोंडीला ती नाही म्हणू शकत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले होते. सगळे थोडा वेळ अंगणात बसलो. चहा झाला. रूपेश टेम्पोवर चढून माल बांधत होता.

आणि खालून आवाज आला.

इथे एक सांगायला हवं. या आवाजाला आम्ही सगळेच भ्यायचो, पण धोंडी सगळ्यांहून जास्त. धुडुम झालं की ती तो हात पोटाशी घट्ट धरून खाली बसायची आणि डोळे मिटायची. तिला पळताही यायचं नाही, दोघांनी उचलून बाहेर आणावं लागायचं. तिच्यासाठी तो आवाज जमिनीतून येत नव्हता, बांधावरून येत होता.

अंगण हललं. छपरावरून एक कौल घसरलं आणि फुटलं. मी पेरूच्या झाडाला धरलं. आणि काकी उठली आणि घरात पळाली. काकासारखीच, उलटी. दारातून मला दिसलं, ती ढिगाला पाठ लावून बसली, पाय समोर रोवले, दोन्ही हात मागे पसरून ढीग धरला. वरून माती पडत होती. मी ओरडत होते, बाहेर ये, बाहेर ये, पण माझा पाय उंबऱ्याच्या आत पडत नव्हता. माझ्या बाजूनं कुणीतरी आत गेलं. धोंडी. हात पोटाशी धरलेला, डोळे अर्धे मिटलेले, पण आत गेली, आणि काकीच्या शेजारी बसून तिनंही ढिगाला पाठ लावली.

"तू जा!" काकी किंचाळली. "धोंडे, तू नको इथां! याच्यामागे बार हायत!"

धक्का थांबला. धूळ खाली बसायला लागली. बाहेर पोरं रडत होती.

"चिमणचे?" धोंडीनं विचारलं.

काकाची शपथ खोटी ठरायला आता एक मान हलवणं पुरे होतं. काकीनं मान हलवली नाही.

"डबा त्याचा. जुना. शिकार सोडल्यापासून हात लावला नव्हता त्यानं." काकी समोर भिंतीकडे बघत बोलत होती. "त्यातला एक मी काढला. तो उंबरगावला होता. डुकरां रोज येत होती गो. मी एकटी किती रात्री पत्रा वाजवू? घरोघर सांगितलां असतां तर तूच पहिली मना ओरडली असतीस. उजाडायच्या आत उचलणार होते. डोळा लागला."

धोंडी तिच्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "म्हणून तू पहिली पोचलीस."

काकीनं मान खाली घातली. मी दारात उभी होते आणि मला वाटलं, हे मी ऐकायला नको होतं. पाच वर्षं धोंडी ज्या एका गोष्टीवर जगत होती ती माझ्यादेखत तिच्या हातून गेली होती. ती उठली, कपड्यांवरची माती झटकली, माझ्याकडे न बघता बाहेर गेली आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली. काकी तिथेच बसून सांगत राहिली, धोंडीला नव्हे, मला. पोलीस पाड्यात फिरत होते तेव्हा काकानं डबा कोनाड्यात ठेवला. पुढे तो जुना झाला, आणि जुना बार हलवायलाही माणूस भितो. नदीत टाकावा तर पोरं पोहतात, पुरावा तर नांगराला लागतो. म्हणून त्यानं कोनाड्यापुढे ढीग रचला, कुणाचा हात पोचू नये म्हणून. मांजराचा नाही, पोराचा नाही, आणि पुन्हा डुकरं आली तर बायकोचाही नाही. "तुझ्यावर माझा भरवसा नाय," एवढंच तो एकदा म्हणाला होता. त्यानंतर त्या गोष्टीवर नवराबायकोत एक शब्द झाला नाही. आणि जमीन हलायला लागली तसा तो आत पळायला लागला, ढीग कोनाड्यावर कोसळू नये म्हणून. कोसळला असता तर भिंतीपलीकडे रूपेशची पोरं होती.

मला काकाचा राग आला. सांगायला काय झालं होतं या माणसाला? सगळा पाडा हसत होता आणि हा आमच्यात बसून हसत होता.

रूपेश म्हणाला, डबा टेम्पोत टाकतो आणि खाडीत सोडून येतो, कुणाला कळणार नाही. मी म्हटलं, "टेम्पोत? त्या रस्त्यानं? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी पोलीस पाटलाला फोन लावला. आमचा पोलीस पाटील काकड्या, मऊ माणूस, पण कामात चोख. त्यानं सगळ्यांना लांब हटवलं. दुपारपर्यंत पोलीस आले, मग बॉम्ब बघणारी माणसं आली. त्यांनी कोनाडा मोकळा केला, बिस्किटांचा एक गंजका डबा जपून बाहेर नेला आणि काकाच्याच रिकाम्या शेतात फोडला. आवाज झाला तेव्हा धोंडी खाली बसली नाही. उभी होती.

मग पंचनामा. साहेब तरुण होता, शांतपणे विचारत होता. हे कुणाचे? काकी पुढे सरकली. ती आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आली होती. जायचं म्हणून तयार होऊन आली होती हे मला दिसत होतं. तिनं तोंड उघडलं आणि धोंडी मध्येच म्हणाली,

"चिमणचे. तो मेला."

"तुमचा हात?"

"त्याच्याच बारानं गेला."

काकी म्हणाली, "साहेब, तसां नाय." धोंडीनं त्या दोन बोटांनी तिचं मनगट धरलं, असं धरलं की काकीचा हात पांढरा पडला. "तिच्याकडे लक्ष देऊ नका," ती म्हणाली. "नवरा गेल्यापासून तिला भ्रम होतो. मेलेल्याला तुम्ही काय अटक करणार? लिवा आणि मोकळे व्हा." साहेबानं लिहिलं. माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात, पण त्या दिवशी माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. मी बोलले तर काकी जाणार होती, गप्प राहिले तर काकाचं नाव. जो जिवंत आहे त्याच्या बाजूनं मी गप्प राहिले.

पोलीस गेल्यावर धोंडी घरी गेली. तिनं काकीशी बोलणं टाकलं. तंबूतलं तिनं आपलं अंथरूण उचललं आणि दुसऱ्या टोकाला टाकलं. वाटी जायची-यायची थांबली. काकी रोज कालवण करायची, एक वाटी झाकून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी ती कुत्र्याला घालायची.

आणि पाड्यात कुजबुज सुरू झाली. आधी एकानं म्हटलं, मग सगळेच म्हणू लागले. चिमणनं वाघदेवावर हात ठेवून खोटी शपथ घेतली, म्हणून धरणी हलते. बार त्याच्याच घरात निघाले, आता काय राहिलं? भूकंपाचं मोजमाप घेणारी माणसं यंत्रं लावून गेली होती, त्यांनी काय सांगितलं ते कुणाला धड कळलं नव्हतं. हे मात्र सगळ्यांना कळलं. होळीनंतर वाघदेवाला नारळ-कोंबडा द्यायचा ठरला, आणि चिमणच्या बायकोनं त्याच्या वतीनं दगडापुढे डोकं टेकून म्हणायचं, माझा नवरा खोटं बोलला, माफी दे. भिकाबाबा, पाड्यातला सगळ्यांत म्हातारा माणूस, स्वतः तंबूत येऊन काकीला हे सांगून गेला. वाईट बोलला नाही. "एवढां कर पोरी," म्हणाला. "पोरां उघड्यावर झोपतात."

मी काकीला म्हटलं, "म्हणून टाक. शब्दच आहेत. काकाला आता काय फरक पडतो?" काकीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून चुलीकडे गेले.

त्या दिवशी सगळा पाडा जमला. सागाच्या झाडांखाली शेंदूर लावलेला दगड, पुढे नारळ, राख, फुलं. काकड्याही आला होता, पोलीस पाटलाची टोपी घरी ठेवून. धोंडी मागे बायकांत उभी होती. भिकाबाबानं काकीला पुढे बोलावलं. ती गेली, गुडघ्यावर बसली, डोकं दगडापर्यंत नेलं आणि तिथेच थांबली. मग तिनं डोकं वर घेतलं आणि वळून बसली, देवाकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून.

"माझा नवरा खोटां बोलला नाय," ती म्हणाली. आवाज फुटत होता, पण मोठा होता. "त्याची शपथ खरी होती. बार मी ठेवला. धोंडीची बोटां मी घेतली. वाघदेवानं खायचां तर मना खावां. त्याचां नाव कोणी घ्यायचां नाय."

कोंबड्याचे पाय बांधलेले होते, तो फडफडला. सगळ्यांनी आधी काकड्याकडे पाहिलं. काकड्यानं कान खाजवला. "मी इथां देवाला आलोय," तो म्हणाला, "ड्युटीवर नाय." मग सगळे धोंडीकडे बघायला लागले. बायका आपोआप बाजूला झाल्या आणि तिला वाट झाली.

धोंडी पुढे आली. काकीनं डोळे मिटले. मला वाटलं आता ही थुंकणार, निदान शिव्या देणार, आणि दिल्या तरी कुणी तिला अडवणार नव्हतं.

"रखमे," ती म्हणाली, "सगळ्यांदेखत मी म्हणलां होतां शंका गेली. नव्हती गेली. पाच वर्षां मी पोटातल्या पोटात चिमणला शिव्या दिल्या. येता-जाता दिल्या, भाकरी थापता थापता दिल्या, हात दुखला की दिल्या. माझ्याकडे होत्या तेवढ्या सगळ्या त्याला देऊन झाल्या. तुझ्यासाठी एकपण उरली नाय."

काकीनं तिचे पाय धरायला हात पुढे केला. धोंडी मागे सरली.

"नको. मी तुझ्यासाठी नाय आले." तिचा आवाज पहिल्यांदा बदलला. "तो मेला तेव्हा मी तुझ्याशेजारी बसून नुसती डोळे पुसत होते. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतां. बरा मेला असां वाटत होतां. आज मना रडू द्या."

आणि ती दगडापुढे बसली, दोन्ही हातांनी, एका पुऱ्या आणि एका अर्ध्या, कपाळ बडवत, आमच्याकडे बायका मेलेल्या भावासाठी रडतात तशी, काकाचं नाव घेऊन, त्याचा रुमाल, त्याची सायकल, त्याचं हसणं एकेक आठवून मोठ्यानं रडायला लागली. काकी हातभर अंतरावर बसून ऐकत होती, आणि तिला जवळ जायची हिंमत झाली नाही.